अक्काच्या ओट्यावरचं बटन

माझी मोठी बहीण धुळ्याला देवपुरात राहते आणि मी जळगावला. मध्ये एरंडोल आणि पारोळा. सकाळचा चहा घेऊन निघालं तर ऊन तापायच्या आत माणूस पोचतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अंतराचं निमित्त सांगायची मला सोय राहणार नाही.

बहिणीला मी अक्का म्हणतो. ती माझ्याहून इतकी मोठी आहे की आमचं धरणगावजवळचं गाव मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या कडेवर बसून. दाजी वारल्यानंतर भाचा सुरतला कापडाच्या धंद्यात स्थिरावला आणि अक्का त्या घरात एकटी राहिली. ती मला 'भाऊ' म्हणते आणि अहिराणीत बोलते. मी उत्तर देतो ते शहरी मराठीत. कचेरीत बोलून बोलून जीभ तशी झाली, असं मी लोकांना सांगतो. खरं कारण एवढंच की कॉलेजात असताना मला आमच्या बोलीची लाज वाटायची, आणि नंतर लाज गेली तरी बोली परत आली नाही.

मी जिथे काम करतो तिथे छोट्या विजेच्या गाड्या लीजवर देतात. म्हणजे गाडी तीन वर्षं तुमच्या दारात उभी राहणार, चालवायची तुम्ही, विमा आणि दुरुस्ती आमच्याकडे, आणि तीन वर्षांनी ती आम्हाला परत. ऐकायला सोपं आहे, पण आमच्या भागात हे समजावणं फार अवघड जातं. परत द्यायची वस्तू कोणी दारात उभी करतं का? गाडी घरी नेली की पहिल्याच दिवशी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं, आणि आठवडाभरात मागच्या काचेवर आईवडिलांची पुण्याई लिहिली जाते. करार संपला की ती अक्षरं ब्लेडने खरवडून काढावी लागतात. ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. 'आई' हा शब्द खरवडताना मी आजूबाजूला कोणी नाही ना, हे पाहून घेतो.

तरीही गाड्या जातात. एक डॉक्टरीणबाई आहेत, धरणगावला रोज ये-जा करणारे शिक्षक नवराबायको आहेत. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक नाना आले होते. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "आयुष्यभर वीज तयार केली, आता तिच्यावर बसून भाजी आणायला जाईन." बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, एका चार्जिंगमध्ये जाते किती? त्यावर माझं एक ठरलेलं वाक्य आहे. "रात्री लावा आणि विसरून जा. तिला वेळ दिला की ती तुम्हाला दगा देत नाही." हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! म्हणताना आवाजही जरा मऊ करतो.

धुळ्यालाही आमची गिऱ्हाइकं आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी मी तिकडे जातोच. पूर्वी कचेरीची डिझेलची गाडी न्यायचो. कामं उरकली की परतीच्या वाटेवर अक्काकडे डोकावायचो. डोकावायचो हाच शब्द बरोबर आहे. गाडी रस्त्यावर, बूट पायात, बूड खाटेच्या कडेवर.

"बूट तं काढ, भाऊ."

"निघतोच आहे अक्का."

"च्या ठेवस."

"नको, आत्ताच झाला."

तेवढ्यात ती आत जाऊन कागदात काहीतरी बांधून आणायची. ज्वारीचे बिबडे, कुरडया, कधी घरचं तिखट. मी ते घेऊन निघायचो. आरशात दिसायचं की ती फाटकापाशी उभी आहे, आणि मी वळण घेईपर्यंत उभीच असायची. मला वाटायचं, बहिणीकडे वरचेवर जाणारा भाऊ म्हणून मी बरा आहे.

मग कचेरीने ठरवलं की विजेच्या गाड्या विकायच्या तर आपल्याच माणसांनी डिझेल जाळत फिरणं बरं दिसत नाही. मलाही तशीच एक छोटी गाडी लीजवर मिळाली. पांढरी, बुटकी, हिरव्या नंबरप्लेटची. गल्लीत एका दमात वळायची. आवाज नाही, त्यामुळे रस्त्यातली शेळी अंगावर जाईपर्यंत हलायची नाही. शहरापुरती बनवलेली गाडी ती. जळगावहून धुळ्याला आरामात पोचायची, पण परत यायला बॅटरी पुरायची नाही. तिथे ती कुठेतरी लावणं भाग होतं आणि साध्या घरगुती प्लगवर पूर्ण भरायला तिला जवळजवळ अख्खा दिवस लागायचा.

पहिल्या खेपेला मी अक्काच्या ओट्यावर केबल घेऊन उभा राहिलो. तिथे पाण्याच्या मोटारीसाठी जाड पिनांचं सॉकेट आणि त्याचं बटन होतं. लावून पाहिलं, तर चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग नाही. मी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने सीताफळाच्या झाडाजवळ खड्डा खणला, तांब्याची पट्टी सोडली आणि अक्काकडे मीठ नि कोळसा मागितला.

अक्का कमरेवर हात ठेवून पाहत होती. "गाडीले मीठ-कोळसा? नजर लागनी का तिले?"

"मावशी, करंट जमिनीत जावा म्हणून टाकतात," वायरमन म्हणाला.

"मना भाऊबी असाच शे. जमिनवर टिकत नही, त्यानाकरताबी एक खड्डा खन."

वायरमन हसला, मीही हसलो. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला, आणि मला मुक्काम करावा लागला. अक्काकडे याआधी कधी राहिलो होतो ते मला आठवेना. मी सारखा फोन पाहत होतो, कचेरीत कळवत होतो, घरी कळवत होतो, जणू काही कुठे अडकून पडलोय. अक्का मात्र शेजारणीला सांगून आली, "मना भाऊ मुक्कामले शे." घरात गेल्यावरही तिने ते पुन्हा एकदा म्हटलं. या वेळी ऐकायला कोणी नव्हतं.

त्यानंतर तसंच सुरू झालं. सकाळी पोचायचं, ओट्यावर गाडी लावायची, गिऱ्हाइकांकडे रिक्षाने जाऊन यायचं आणि उरलेला दिवस अक्काच्या घरात. पहिले काही वेळा मी चिडचिडा असायचो. मग हळूहळू बूट निघाले. मग खाटेच्या कडेवरून मी मध्यभागी सरकलो. जेवून आडवा व्हायला लागलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन पंख्याखाली जी झोप लागते ती जळगावच्या फ्लॅटमध्ये एसी लावूनही लागत नाही. अक्का उशाशी बसून तांदूळ निवडायची आणि गावातल्या सगळ्या लोकांच्या बातम्या सांगायची, त्यातले निम्मे मला ओळखीचे नसायचे. मी 'हं' म्हणत राहायचो. उठलो की ती विचारायची, "पोट भरनं का तिनं?" म्हणजे गाडीचं. मी फोनवर पाहून सांगायचो.

मागच्या उन्हाळ्यात एकदा उठून फोन पाहिला तर गाडी अर्ध्यावरच थांबलेली. फोनवर निरोप येऊन पडला होता की चार्जिंग बंद झालं आहे. डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणजे वीज गेली नव्हती. बाहेर जाऊन पाहतो तर ओट्यावरचं बटन बंद. मी ते परत चालू केलं. निघायला चांगलाच उशीर झाला, रात्रीचं जेवणही तिथेच झालं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला वाटलं, बटन जुनं आहे, सैल झालं असेल. बाजारातून चांगलं नवीन बटन आणलं आणि स्वतः स्टुलावर उभा राहून बसवलं. अक्काने स्टूल धरून ठेवलं होतं.

नवं बटनही त्याच्या पुढच्या खेपेला बंद पडलं. पण त्या दुपारी मी पूर्ण झोपलो नव्हतो. डोळे किलकिले होते आणि खाटेवरून ओट्याकडची खिडकी दिसत होती. अक्का हातात लाटणं घेऊन बाहेर आली. गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. मग करंट लागू नये म्हणून अंग मागे ठेवून, हात लांब करून, लाटण्याच्या टोकाने तिने बटन खाली दाबलं. टक् असा आवाज झाला. लाटणं पदराला पुसून ती आत आली आणि माझ्या पायांवरची चादर नीट केली.

मी डोळे मिटून घेतले. हे लिहितानाही ते तसंच डोळ्यांसमोर येतं. चोरी तिने केली आणि पकडला गेलो मी. माझ्या बहिणीला माझा वेळ मागून मिळत नव्हता, म्हणून तो तिला लाटण्याने काढून घ्यावा लागला. शिवाय लाकडातून करंट येत नाही हा विचार तिने आधी कधीतरी एकटीने बसून केलेला असणार. ओट्यावर जाऊन पाहिलं असणार, हात पुढे करून मागे घेतला असणार.

थोड्या वेळाने मी जागा झाल्यासारखं केलं.

"पोट भरनं का तिनं?" अक्काने आतूनच विचारलं.

मी फोन पाहिला. "नाही अक्का. अजून पुष्कळ बाकी आहे."

"मंग थांब आते. डुबुकवडा करस मी."

मी थांबलो, भाजी खाल्ली, आणि कळल्याचं सांगितलं नाही. घरी बायकोलाही बोललो नाही. बटनाचं मी कधी नाव काढलं नाही, तिनेही काढलं नाही. मला वाटायचं, सांगितलं तर ती ओशाळेल. पण त्यात माझी सोयही होती. तिने मला ठेवून घ्यायचं आणि मी राहून घ्यायचं; आपण होऊन 'राहतो' म्हणायची वेळ माझ्यावर येत नव्हती.

या वर्षी माझ्या गाडीची तीन वर्षं भरत आली. वैशाखात ती परत द्यायची आणि तिच्या जागी नवी घ्यायची. नवी आली ती जरा मोठ्या बॅटरीची. धुळ्याला जाऊन परत येते, मध्ये लावावी लागत नाही. मी तिची चाचणी घेतली आणि खूश होऊन कचेरीतूनच अक्काला फोन केला.

"अक्का, आता चार्जिंगची कटकटच संपली बघ. जाऊन येऊन होतं. लावायलाच नको कुठे."

तिकडे तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं शे भाऊ. मंग ते बटन काढी टाकू का? ओटावर उगीच शे."

"काढ ना. नाहीतर राहू दे मोटारीला," मी म्हणालो आणि दुसरा फोन येत होता म्हणून ठेवला.

दुसऱ्या फोनवर कोण काय बोललं ते मला आठवत नाही. मी काय बोलून बसलोय, हे तो चालू असतानाच माझ्या लक्षात यायला लागलं होतं. कटकट. तीन वर्षांतल्या त्या सगळ्या दुपारींना मी कटकट म्हटलं होतं, तेही तिलाच.

संध्याकाळी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. लाटण्याचंही. ती हसली नाही. ताटातली भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आखाजीला बोलवा त्यांना."

"बोलावतो की दरवर्षी. ती येत नाही. पाय दुखतात म्हणते."

"कसं बोलावता?"

"फोन करतो. एसटीने ये, स्टँडवर घ्यायला येतो म्हणतो."

"फोनवर?" तिने घास खाली ठेवला. "आखाजीला बहिणीला कोणी फोनवर बोलावतं का? माझा भाऊ अजून येतो न्यायला. त्याचे गुडघे गेलेत, तरी येतो. तुम्ही इकडच्याच मातीतले ना? मुराळी कोण असतो, तेही मीच सांगू?"

सांगायची गरज नव्हती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. पण त्या आपण होऊन येत नाहीत. माहेरचा माणूस, बहुतेक भाऊ, त्यांना घ्यायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मीच मुराळी होतो. वडील बरोबर होते, बैलगाडी तेच हाकत होते, पण मुराळी मी. अक्काच्या सासूने मला पाटावर बसवून जेवू घातलं होतं आणि परतताना अक्काने मला सगळा रस्ता मांडीवर घेतलं होतं. पुढे वडील जायचे, ते गेल्यावर आई कोणाला तरी पाठवायची. आई गेली आणि माहेर म्हणून उरला तो माझा फ्लॅट. माझ्या फोनला अक्काने दरवर्षी "मना पाय दुखतस" असं उत्तर दिलं आणि मी दरवर्षी पायांवरचं तेल पाठवत राहिलो.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी जुन्या गाडीनेच निघालो. कचेरीत म्हणाले, नवी घेऊन जा. मी नको म्हटलं. गाडी ओट्याशी लावली, केबल जोडली, बूट काढले आणि आत जाऊन पाया पडलो.

"काम व्हतं का धुळ्याले?" अक्काने विचारलं.

"नाही. तुला न्यायला आलोय. आखाजी आहे."

"खरंच काम नही?"

"नाही ना अक्का. मुराळी आलोय."

तिने डोळ्यांना पदर लावला वगैरे काही नाही. ती एकदम कामाला लागली. शेजारणीकडे दोनदा गेली. कुंडीतल्या तुळशीला पाणी घालायचं सांगून आली, सांजोऱ्यांचा डबा भरला, पापडांची पिशवी भरली, मग पिशवीतले पापड काढून दुसऱ्या पिशवीत भरले. मध्येच येऊन मला बजावलं, "आखाजी व्हयनी का दुसरा दिन सोडी दे माले. तुले कामे ऱ्हातस. तुना येळ माले मोडना नही."

मी 'बरं' म्हणालो. त्या दुपारी बटन कोणी बंद केलं नाही. गाडी आपल्या वेळेत भरली आणि ऊन उतरल्यावर आम्ही निघालो.

एसी लावला तर बॅटरी लवकर उतरते, म्हणून मी काचा उघड्या ठेवल्या होत्या. अक्काने ओला टॉवेल डोक्यावर घेतला. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. गाडीला आवाज नाही आणि मी हॉर्न दाबायच्या आत अक्काने खिडकीतून डोकं काढलं, "ए, सरक ना वं माय!" म्हशी सरकल्या. पुढे एरंडोलपर्यंत हॉर्नचं काम तिनेच सांभाळलं.

"हाई गाडी आते परत देशी तू?" तिने विचारलं.

"हो. पुढच्या आठवड्यात."

"तीन वरीस पोसानी, धुई-पुशी ठेवानी, आन मंग दी देवानी? हाई तं पोरीसारखं व्हयनं भाऊ."

"तसंच काहीसं."

"पण पोर आखाजीले माहेरले येस. तुनी गाडी येई का?"

मी म्हणालो, येणार नाही. ती डॅशबोर्डवरून हात फिरवत म्हणाली, "गुनी व्हती." त्या गाडीत गप्प बसलं की खरंच काही ऐकू येत नाही, फक्त टायरचा आवाज. पाळधी ओलांडताना तिला डुलकी लागली आणि तिचं डोकं खिडकीकडून माझ्या खांद्याकडे कललं. मी वेग कमी केला. मागून ट्रकवाले शिव्या देत पुढे गेले.

बायकोने इमारतीच्या पार्किंगमध्ये झोका बांधून ठेवला होता. दोरखंड वरच्या लोखंडी तुळईला आणि बसायला पाट, अगदी गाडीच्या चार्जिंगच्या जागेशेजारी. सोसायटीचे सेक्रेटरी आबा कुरकुरत आले. "वहिनी, पार्किंगमध्ये झोका नियमात बसत नाही."

"आबा, चार्जिंगही बसत नव्हतं. तुमचा मुलगा आता रोज स्कूटर लावतो ना इथेच?"

आबांनी दोरखंडाची गाठ ओढून पाहिली, पक्की आहे म्हणाले आणि गेले. आखाजीला सकाळी घागरी पूजल्या, आमरस-पुरणपोळी झाली आणि दुपारी अक्का झोक्यावर बसली. इमारतीतल्या आणखी दोन-तीन बायका आल्या, कोणी अमळनेरची, कोणी चोपड्याची. त्यांनी गाणी म्हटली. अक्काला सगळी कडवी पाठ होती. एका बाजूला झोका वर जायचा तेव्हा तिचे पाय गाडीच्या छपराच्या वर दिसायचे. दुखणारे पाय. मी जिन्यात उभा राहून पाहत होतो.

संध्याकाळी तिने पिशवी बांधायला घेतली. "सकायमा निघू. गाडी लावी दे."

मी खाली जाऊन गाडी लावून आलो.

सकाळी सगळे उठायच्या आत मी पार्किंगमध्ये गेलो. गाडी शेवटचं थोडं भरत होती. भिंतीवर बटन होतं आणि शेजारी झोक्याचा पाट स्थिर लोंबत होता. मी कशासाठी खाली आलो होतो ते मला ठाऊक होतं. बटन दाबायचं, वर जाऊन म्हणायचं, अक्का, रात्रीत वीज गेली वाटतं, गाडी भरली नाही, आज काही निघता येणार नाही. ती थांबली असती. तिचा मानही राहिला असता आणि माझाही. मी बोट बटनावर ठेवलंसुद्धा. आणि मग मला लाज वाटली. हे सगळं तीन वर्षं असंच चाललं होतं. तिला निदान माझा वेळ मागायची सोय नव्हती, म्हणून तिच्या हातात लाटणं होतं. मला कोणी अडवलं होतं? मी माझ्या घरात होतो, ती माझी बहीण होती.

मी बटन तसंच ठेवलं आणि गाडी पूर्ण भरेपर्यंत झोक्याच्या पाटावर बसून राहिलो. मग वर गेलो.

अक्का स्वयंपाकघरात होती. डब्यांच्या फळीसमोर उभी राहून ती काहीतरी शोधत होती. मला पाहून दचकली.

"व्हयनी का गाडी तयार?"

"झाली. पूर्ण भरली."

"मंग आंग धोई लेस मी. निघू."

"ऱ्हाय ना अक्का," मी म्हणालो. अहिराणी शब्द तोंडातून कसा आला कोण जाणे, जरा वाकडाच आला. "अजून आठ दिन ऱ्हाय."

"काब्रं? गाडी तं भरेल शे म्हनस तू."

"भरेल शे. गाडीचं काही नाही. मला वाटतंय म्हणून राहा."

ती फळीला पाठ टेकून हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, लहानपणी आईपासून लपवून हसायची तशी.

"काय झालं?"

"काही नही रे भाऊ. मी कव्हयनी तुना घरमा लाटनं शोधी ऱ्हायनी."

मग मलाही हसू आलं आणि ते थांबेना. मी तिथेच खालच्या पाटावर बसलो. बायको डोळे चोळत दारात आली. तिला वाटलं कोणाला काही झालं.

"तुले माहीत व्हतं?" अक्काने पदराने तोंड पुसत विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"आन झोपेल ऱ्हायना तू?"

"झोपलो नव्हतो."

तिने माझ्या डोक्यावर एक टपली मारली. जोरातच लागली. "लाटणं खालच्या कप्प्यात असतं हो अक्का," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

अक्का आठ दिवसांहून जास्त राहिली. जुनी गाडी परत द्यायला निघालो तेव्हा ती खाली आली आणि बॉनेटवर हळदीकुंकू लावलं. जायच्या वेळी पोरीला लावतात तसं. कचेरीत ते पुसायचं काम माझंच होतं. मी ते दुसऱ्या दिवसावर ढकललं.

पुढच्या महिन्यात तिला नव्या गाडीने धुळ्याला सोडलं, आणि त्यानंतर एकदा कामासाठी मी एकटाच गेलो. फाटकापाशी गाडी थांबवली तेव्हा अक्का ओट्यावरच होती. बटन तिने काढलेलं नव्हतं. तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे.

"लावानी नही का?"

"नाही लागत."

"मंग कव्हय निघशी?"

"दिवस मावळल्यावर," मी म्हणालो आणि ओट्यावर बसून बूट काढायला लागलो.

अक्का आत गेली, आणि थोड्या वेळाने आतून पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज यायला लागला.